व्हिएतनामच्या पिक्चरमधली आई

मळवली, ११ जानेवारी २०२४

प्रितम,

जय भीम. एवढं लिहिलं की पत्र सुरू होतं असं बाबा म्हणायचे, म्हणून लिहिलं. नाहीतर तुला काय म्हणावं तेच मला कळत नाही. भाऊ म्हणावं तर तीन वर्षं तुझा फोन नाही, आणि परका म्हणावं तर तुझा शाळेतला स्वेटर अजून माझ्याकडे पोतेरं म्हणून वापरात आहे.

पत्ता तुझ्या बायकोच्या भावाने, उमेशने दिला. सख्ख्या मेव्हण्याचा पत्ता द्यायला त्याने इतके आढेवेढे घेतले, जशी मी तिकडे पोलीस घेऊन जाणार होते. माझा नंबर तू ब्लॉक केलास हे त्यानेच सांगितलं. बरं झालं. पत्राला ब्लॉक नसतं. फाडलंस तरी पहिल्या दोन ओळी वाचून फाडशील.

बातमी अशी की आपल्या बंगल्यावर व्हिएतनामची माणसं उतरली आहेत. आपल्या म्हणजे मालकांच्या. मी चावी सांभाळते म्हणून सवयीने आपला म्हणते. पिक्चर काढायला आलेत. प्रेमाचा पिक्चर आहे आणि शेवटी दोघं वेगळे होतात, असं त्यांच्याबरोबरची सारिका म्हणाली. सारिका तळेगावची, इंग्रजी शिकवते आणि इथे दुभाषी म्हणून आली आहे. त्यांचं इंग्रजी तिला समजतं आणि तिचं मराठी आम्हाला. मध्ये कितीसं गळतं कोण जाणे.

माणसं गुणी आहेत. तिन्ही वेळा भात खातात. आपला इंद्रायणी इतका आवडला की आचाऱ्याला हाकलून मलाच चुलीपुढे बसवलं. फक्त बरोबर आणलेली माशाची एक बाटली उघडतात तेव्हा आई पदर नाकाला लावून थेट फाटकाबाहेर जाऊन बसते.

आई बरी आहे, असं लिहायला हवं. ती बरी नाही. दिवाळीपासून पोट दुखतं. तळेगावला दाखवलं, गाठ निघाली. डॉक्टर पुढे काय म्हणाले ते मी कागदावर लिहिणार नाही. ते ऐकायला मुलाने स्वतः यावं.

मानसीताई

मळवली, २ फेब्रुवारी २०२४

प्रितम,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तरही आलं नाही, म्हणजे तू अजून तसाच आहेस.

आता एक गंमत ऐक. हसू आलं तर हसून घे, मी तिथे बघायला नाही.

पिक्चरच्या दिग्दर्शक एक बाई आहेत, ल्येन नावाच्या. एवढीशी चण, पण अख्खी पलटण तिला घाबरते. परवा आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. ल्येनबाई समोर उकिडव्या बसल्या आणि आईकडे बघतच राहिल्या. आई मला म्हणाली, "हिला इच्यार, माझ्या त्वांडाला काय लागलंय का?" सारिकाने विचारलं तर उत्तर आलं की हा चेहरा मला पिक्चरमध्ये हवा.

प्रसंग असा आहे. मळवली स्टेशनवर पिक्चरमधला मुलगा गाडीत बसून कायमचा निघून जातो. मुलीला त्याला हाक मारायची असते, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याच वेळी शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं आपल्या मुलाला निरोप देत असतं, आणि ती म्हातारी त्याला हाक मारते. मुलीची राहिलेली हाक म्हातारीच्या तोंडून जाते. मला सारिकाने हे सांगितलं तेव्हा हातातला डाव तसाच राहिला आणि आमटी उतू गेली.

आई तयार झाली. मला आश्चर्य वाटलं. "दवाखान्यात पडून राहण्यापरीस बाकावर बसंन," म्हणाली.

मग म्हातारा शोधायला ते लोक डोंगरावर वाडीत गेले, आणि निवडून निवडून आणला कोणाला? तुझ्या सासऱ्याला! बहिरूभाऊ फेटा बांधून फाटकात उभे, आणि ल्येनबाई आईला खुणेने सांगतात, हा तुझा नवरा.

मी जागच्या जागी मेले. तुझ्या लग्नापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "ह्याच्या शेजारी? म्या?" बहिरूभाऊ म्हणाले, "मला कुटं हौस हाय? त्या बाईनं बलीवलं म्हनून आलतो." आणि दोघंही तिथून हलेनात. दोघांनाही पिक्चर सोडवत नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तू माझ्यावर रागावून ऐकलं नव्हतंस, म्हणून आज लिहिते. तू रंजनाशी लग्न केलंस याचं आईला कधीच वाईट वाटलं नव्हतं. हळद लावून, देवक बसवून, वाडीवरच्या भगताच्या हातून केलंस याचं वाटलं. आईच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव इंद्रायणीत सोडले. ते तुझ्या मांडवात पुन्हा पाटावर बसले, हे तिला सोसलं नाही. विहारात वंदना घेऊन करू, एवढंच ती म्हणत होती. आणि बहिरूभाऊ काय म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले: "आमची पोर पांढऱ्या लुगड्यात न्हाई धाडायची. आमच्यात पांढरं मेल्यावर." तू तेव्हा खाली मान घालून उभा राहिलास. आईला शब्द लागला बहिरूभाऊंचा, पण ती मोडली तुझ्या खाली घातलेल्या मानेने. मग तीही बोलून बसली की जा, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. तू खरंच ठेवला नाहीस. एरवी तिचं एक ऐकायचा नाहीस, नेमकं तेवढं ऐकलंस.

मानसीताई

मळवली, १० फेब्रुवारी २०२४

प्रितम,

काल शूटिंग झालं. सगळं सांगते. एक गोष्ट सोडून.

रेल्वेने सकाळचा थोडाच वेळ दिला होता. धुकं हवं होतं, आणि फेब्रुवारीत मळवलीला धुकं कुठलं? त्यांनी धूर सोडायचं यंत्र आणलं होतं. अर्ध्या गावाला वाटलं ग्रामपंचायतीची डासांची फवारणी आहे. बायका पटापट पाण्याचे हंडे झाकायला धावल्या.

आईला रोजच्या साडीत ये म्हणून सांगितलं होतं. ती पांढरी साडी नेसून आली. बारीक निळ्या काठाची, घडीच्या रेषा तशाच उमटलेल्या. मी म्हटलं, ही कधी घेतलीस? तर म्हणाली, "पोराच्या लग्नाला घेटली हुती. किती दिस ट्रंकंत सडवू?"

मला माहीत नव्हतं, प्रितम. तुझ्या विहारातल्या लग्नाला नेसायची म्हणून तिने साडी घेऊन ठेवली होती, आणि एवढी वर्षं घरात कोणालाच बोलली नव्हती.

तिला बघून व्हिएतनामची सगळी मंडळी हातातली कामं सोडून उभी राहिली. एका मुलीने तर हात जोडले. ल्येनबाईंनी हळूच सारिकाला विचारायला लावलं की आजींच्या घरी कोण गेलं. त्यांच्याकडेही मयताला पांढरं बांधतात म्हणे. आईचा चेहरा असा उतरला! एवढ्या लांबून माणसं आली आणि तिला बहिरूभाऊंचंच बोलणं पुन्हा ऐकवून गेली. ती उठायलाच निघाली होती.

तेव्हा बाकावरून बहिरूभाऊ बोलले. खाली बघत, पण मोठ्याने. "मेलं न्हाई कुनी. त्यांच्यात लग्नाला पांढरं नेसत्यात. शुभ असतंय. सांग त्या बाईला नीट."

सारिकाने सांगितलं. आई पुन्हा बाकावर बसली. बहिरूभाऊंच्या शेजारीच, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. कॅमेरावाला म्हणाला, आजींना जवळ सरकायला सांगा. ल्येनबाईंनी त्याला थांबवलं. ही मधली जागाच मला हवी, म्हणाल्या. पुष्कळ वर्षं रुसलेलं जोडपं असंच बसतं. मी आणि उमेश लांब उभे होतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या जागेवर कोण बसायला हवं होतं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मग गाडी हलली. आईने हाक मारायची होती. काय म्हणायचं ते तिला पढवलं होतं, 'बाळा' म्हणायचं. ती उभी राहिली, बाकाच्या पाठीला धरून, कारण पोट तिला सरळ होऊ देत नाही. आणि तिने भलतीच हाक मारली. एक नाव घेतलं. एकदाच. त्या आवाजाने धूर सोडणारा माणूससुद्धा यंत्र बंद करून बघत राहिला. ल्येनबाईंच्या डोळ्याला पाणी होतं. त्यांना वाटलं, काय कसलेली नटी मिळाली.

कोणाचं नाव घेतलं ते लिहायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली आहे. मी घरी येऊन म्हटलं, अगं, त्याला कळवते, येईल तो पळत. तर म्हणाली, "आदी त्यानं यावं. म्या बलीवलं म्हनून नगं. न्हाईच आला तर पडद्यावर ऐकंल की. जाईल कुटं आवाज?"

जाईल कुठं आवाज. मी शपथ पाळते आहे. तू मात्र आता मूर्ख बनू नकोस आणि रजा काढ.

मानसीताई

मळवली, २६ जुलै २०२४

प्रितम,

आई गेली. हे तुला माहीत आहे. उमेशने रंजनाला फोन केला तेव्हा ती फोनवरच रडली म्हणे. तू तिच्या मागे उभा होतास आणि फोन हातात घेतला नाहीस, हेही म्हणे.

गाडीची वेळ बघून आम्ही थांबलो. भन्तेजी येऊन बसले होते. पाऊस धरून होता, लाकडं भिजत होती, आणि जो तो मला एकच विचारत होता, "प्रितम कुटवर आलाय?" मी म्हणत राहिले, निघालाय, निघालाय. शेवटी बहिरूभाऊ म्हणाले, "पोरी, आता किती खोटं बोलशील?" खांदा त्यांनी दिला. वाडीवरची सगळी माणसं आली होती. बायडाबाई, तुझ्या सासूबाई, माझ्याजवळ बसून राहिल्या. मला जबरदस्तीने दोन घास खायला लावले.

ती पांढरी साडी मी तिला नेसवली नाही. नवीन पांढरं आणलं. ती साडी लग्नाची आहे, ती सरणावर घालायला माझा हात धजेना.

मला तुझा राग येतो. पत्रात गोड लिहायची पद्धत असते, मला जमत नाही. ती शेवटी शेवटी फाटकाचा आवाज झाला की डोळे उघडायची, आणि दूधवाला आहे म्हटलं की मिटायची. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुला त्रास व्हावा म्हणूनच लिहिलं.

शपथ अजून पाळते आहे. तिने हाक कोणाला मारली ते तू तिच्याच तोंडून ऐक.

मानसीताई

मळवली, १६ फेब्रुवारी २०२५

प्रितम,

पिक्चर लागला. तिकडे, त्यांच्या देशात. प्रेमिकांचा काय तो दिवस असतो ना, तेव्हा. ल्येनबाईंनी सारिकाला फोटो पाठवले. मोठ्ठं पोस्टर, त्यावर ती नाजूक मुलगी आणि मागे धुरात आपलं स्टेशन. नाव त्यांच्या भाषेत आहे, अर्थ 'धुक्यातला फलाट'. पोस्टरच्या एका कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आहे. सारिकाने मोठं करून दाखवलं. आई आहे.

थिएटरात माणसं रडतात म्हणे, आणि सगळ्यात जास्त त्या फलाटावरच्या म्हातारीला बघून रडतात. टाकवे बुद्रुकमध्ये जन्मली, मळवलीत मेली, पुण्याच्या पुढे कधी गेली नाही, आणि तिच्यासाठी कोण कुठली माणसं रुमाल काढतात. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "त्येंना काय कामं न्हाईत व्हय?"

आणि आता दुसरी गोष्ट. उमेश काल आला होता. तू त्याला फोन करून विचारलंस म्हणे, पिक्चर बघायला कधी मिळेल, ताईने लिहिलंय त्यात आईचा आवाज आहे. तू पत्रं वाचतोस. सगळी वाचलीस. मी उमेशसमोर रडले नाही, तो गेल्यावर रडले.

इकडे लगेच नाही मिळणार. ल्येनबाई एप्रिलमध्ये सारिकाकडे पाठवतील. बंगल्यावर मोठा टीव्ही आहे, मालक नसतात. तू बुद्ध पौर्णिमेला ये, असं उमेशकडून कळवते आहे आणि इथेही लिहिते. शेजारी बसून बघू. मी तुला काही बोलणार नाही. म्हणजे थोडं बोलेन.

ताई

मळवली, ६ एप्रिल २०२५

प्रितम,

तू पौर्णिमेला रंजनाला घेऊन येतोस असं उमेशने कळवलं. चार दिवस हे घर झाडतेच आहे. आणि आता तुला येण्याआधी हे कळलं पाहिजे, म्हणून लिहिते. तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

पिक्चर आला. मला धीर धरवला नाही. सारिकाने लावून दिला, मी आणि बहिरूभाऊ आणि बायडाबाई बसलो. बहिरूभाऊ स्वतःला बघायला फेटा बांधून आले होते.

शेवटाकडे आपलं स्टेशन आलं. धूर. बाक. आई दिसली, प्रितम. हलणारी, श्वास घेणारी. पदर सारखा करताना तिची ती करंगळी बाजूला काढायची सवय. बायडाबाई टीव्हीपाशी जाऊन काचेला हात लावून आल्या. मग गाडी हलली, आई उठली, तिने तोंड उघडलं, आणि दुसऱ्याच बाईचा आवाज आला.

त्यांच्या भाषेत. गोड, तरुण आवाज. कसली तरी लांबलचक ओळ.

मी सारिकाला म्हटलं, आवाज बिघडलाय, मागे घे. तिने मागे घेतलं. पुन्हा तेच. तिने तिथूनच ल्येनबाईंना विचारलं. उत्तर आलं की तिकडच्या प्रेक्षकांसाठी सगळीच बोलणी त्यांच्या भाषेत भरली आहेत. आणि त्या दिवशीचा मूळ आवाज? गाडीच्या भोंग्यात आणि त्या यंत्राच्या घरघरीत खराब झाला होता, तो ठेवलाच नाही. फार वाईट वाटलं, म्हणाल्या. खरंच वाटलं असेल. त्यांच्यावर कसली रागावू? त्यांना ती नटीच वाटली होती, आणि नटीचा आवाज बदलतात.

ती बाई आईच्या तोंडून काय म्हणते ते मी विचारलं. सारिका सांगेना. मी धरूनच बसले. 'लेकरा, सुखाने जा,' असं म्हणते.

जा म्हणते. आईच्या तोंडी आयुष्यभराचा तो एकच शब्द होता ज्याचा तिला पश्चात्ताप झाला, आणि पिक्चरने पुन्हा तोच तिच्या तोंडी घातला. आता जगभर ती तुला जाच म्हणत राहणार. मी तिला दिलेली शपथ पाळत बसले, कारण आवाज कुठं जातो असं ती म्हणाली होती. आवाज गेला, प्रितम.

मग बहिरूभाऊ उठले. म्हणाले, "ह्यो आवाज भामाबाईचा न्हाई. म्या शेजारी हुतो. आसं न्हाई वरडली ती." सारिकाला म्हणाले, "लाव पोरी परत. आन् आवाज बंद कर त्याचा." तिने लावलं. आई उठली, बाकाला धरलं, आणि बहिरूभाऊ टीव्हीसमोर उभे राहून, आपल्या त्या डोंगरावरून गुरांना साद घालायच्या आवाजात, नेमके तिच्या ओठांबरोबर ओरडले. तुझं नाव.

शपथ मी मोडली नाही. ती बहिरूभाऊंनी मोडली, आणि त्यांना कोणी घातलीच नव्हती.

जाताना दारात थांबून म्हणाले, "ती साडी हाय का गं अजून? रंजीला दे. नेसंल ती इहारात." मी म्हटलं, भाऊ, पांढरी आहे. तर म्हणाले, "म्हाईत हाय मला."

साडी धुवून, उन्हात वाळवून ठेवली आहे. तुम्ही या. आणि मी शेजारी नसताना कुठे तुला हा पिक्चर सापडला, तर त्या बाईचं ऐकू नकोस. स्टेशन आलं की आवाज बंद कर आणि आईच्या तोंडाकडे बघ. ती लांबलचक ओळ तिथे बसतच नाही. आईचे ओठ एकदा मिटतात, उघडतात, आणि पुन्हा मिटतात. तू स्वतः म्हणून बघ. तुझ्या नावाला तेवढंच लागतं.

ताई